हवा किती भरायची?

प्रश्न : मुलीसाठी (वय १५) सेकंडहँड पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी) एअर रायफल घेतली. दाब स्थिर ठेवणारा रेग्युलेटर नाही. सिलिंडरवर कमाल २०० बार (बार म्हणजे दाबाचं एकक) असं लिहिलंय, म्हणून दरवेळी २०० भरतो. पहिले वीसेक छर्रे खाली बसतात, मग आपोआप वर येतात आणि शेवटी पुन्हा खाली. सर म्हणतात, पोरीचा श्वास चुकतोय. ती रडकुंडीला आलीय. रायफल बिघडली असेल का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : पोरीला आधी सांगा, तिचा श्वास ठीक आहे. रायफलही बहुतेक ठणठणीत असावी. हवा तुम्ही जास्त भरताय.

या रायफलीतला व्हॉल्व्ह बंद धरून ठेवते ती सिलिंडरमधलीच हवा. घोडा ओढला की हॅमर त्याला ठोसा देतो, तो क्षणभर उघडतो आणि तेवढ्यात निसटलेली हवा छर्‍याला ढकलते. ठोसा दरवेळी तेवढाच. २०० बारला मागचा दाब इतका असतो की व्हॉल्व्ह जेमतेम किलकिला होतो. हवा जोरकस, पण चिमूटभर. दाब उतरत जातो तसा व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा राहतो आणि वेग वाढतो. मधल्या एका पट्ट्यात दोन्हींचा मेळ बसतो, वेग जवळपास स्थिर राहतो. त्याखाली हवेत दमच उरत नाही.

गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे अशीच एक आली होती. क्रोनोग्राफपुढे (वेग मोजणाऱ्या यंत्रापुढे) ठेवून मारत गेलो. वहीत आकडे आहेत ते असे : २०० बारला सेकंदाला १९८ मीटर, १८५ ला २०६, १७० ला २१३. तिथून १२० पर्यंत २१२ ते २१५ च्या आतबाहेर. ११० ला २०५, मग घसरगुंडी. म्हणजे त्या रायफलीला १७० भरायचं आणि १२० ला थांबायचं. त्या पट्ट्यात साठ छर्रे निघाले, एका मॅचचे.

१५ मीटरच्या फरकाने काय होतंय, असं वाटेल. दहा मीटरवर १९८ चा छर्रा २१३ च्या छर्‍यापेक्षा साधारण पावणेदोन मिलिमीटर खाली बसतो, तोही नुसत्या गुरुत्वाकर्षणाच्या हिशोबाने. टार्गेटवर दोन रिंगांमधलं अंतर अडीच मिलिमीटर आणि दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर. दशांशात गुण मोजले तर ०.७ गेले, पोरीची चूक नसताना!

माझा १७० मात्र उचलू नका. तुमच्या हॅमरची स्प्रिंग वेगळी, आणि रायफलीवरचं ते बटणाएवढं गेज भरणीच्या गेजशी सहसा जुळत नाही. दहा बारचा फरक मी कितीदा पाहिलाय. तुमचा आकडा तुमच्याच गेजवर शोधायचा. क्रोनोग्राफ क्लबात नसेल तर रायफल टेकणीवर पक्की ठेवा, १९० पासून पाच-पाच छर्‍यांचा गट मारा आणि प्रत्येक गटापुढे बार लिहा. गट एका उंचीवर बसायला लागले की तो तुमचा वरचा आकडा, खाली सरकायला लागले की खालचा. छर्रे एकाच डबीतले घ्या.

भरताना सावकाश. मी एकदा घाईत भरलं, सिलिंडर हाताला चांगलंच गरम लागलं, गेजवर २००. तासाभराने पाहतो तर १८८. हवा गळली म्हणून मी अर्धा दिवस ओ-रिंगा (हवा अडवणाऱ्या रबरी कड्या) उकलत बसलो होतो! ती फक्त थंड झाली होती. थोडं भरा, तळहात लावून बघा, थांबा, मग पुढचं.

हवा कोरडीच हवी. आणि वेल्डिंगवाल्याकडचा ऑक्सिजन कोणी स्वस्तात भरून देतो म्हणाला तर तिथून उठून या. दाबाखालचा ऑक्सिजन आणि आतलं तेल-ग्रीस एकत्र आलं तर स्फोट होतो.

सेकंडहँड म्हणालात, तर सिलिंडरवरची तारीख आजच पाहा. स्पर्धेच्या सिलिंडरांना सहसा १० वर्षांची मुदत असते. ती उलटली असेल तर १७० काय नि २०० काय, भरूच नका. तारीख ठीक असेल तर गटांचा तो कागद इकडे पाठवा, सरांनाही दाखवा.