थाई बीएल मालिकांमधला 'पी': मराठीत त्याला दादा म्हणायचं का?

प्रश्न असा आलाय की, थाई बीएल (बॉइज लव्ह, म्हणजे दोन मुलांच्या प्रेमाच्या) मालिका बघताना इंग्रजी सबटायटल्समध्ये नावाच्या आधी सारखं 'पी' दिसतं, धाकट्याला 'नोंग' म्हणतात, आणि मोठ्या बहिणीला इंग्रजी वाचायला त्रास होतो म्हणून तिच्यासाठी मराठी सबटायटल्स करायला घेतलीत, तर 'पी'च्या जागी 'दादा' लिहू का? कारण दादा लिहिलं की पुढच्या सीनमध्ये दोघांचं प्रेम बघवत नाही, आणि काहीच नाही लिहिलं तर कोण मोठा कोण लहान कळत नाही.

आधी उत्तर देते, मग कारण सांगते. दादा लिहू नका. 'पी' तसाच राहू द्या, नावाला चिकटवून, पी-आर्थित असा (आर्थित हे एका मालिकेतलं पात्र, पुढे येईलच), आणि त्यातला जो मान आहे तो मराठीच्या 'तुम्ही'त आणि क्रियापदात उतरवा. इंग्रजीवाल्यांकडे ही सोय नाही, त्यांचं सगळं 'यू'मध्ये संपतं, आपल्याकडे आहे. या मालिका मी वर्षानुवर्षं बघतेय आणि माझं ठाम मत झालंय की मराठी सबटायटल्स नीट केली तर ती इंग्रजीपेक्षा मूळ थाईच्या जास्त जवळ जातील.

तर 'पी' म्हणजे मोठं भावंड. भाऊ किंवा बहीण, काहीही. मुद्दाम सांगायचंच असेल तर मोठ्या भावाला 'पी-चाय' आणि मोठ्या बहिणीला 'पी-साव' म्हणतात, पण हाक मारताना नुसतं पी. म्हणजे दादा लिहा किंवा ताई लिहा, जी भानगड थाईत नाहीच ती आपण आणतो. कोरियन मालिका बघणाऱ्यांना ओप्पा आणि ह्युंग माहीत असतात, तिथे बोलणारा मुलगा की मुलगी यावर शब्द बदलतो, थाईत तसंही नाही, मुलगा मुलगी कोणीही मोठ्याला पीच म्हणतं. खरा उच्चार पी आणि फीच्या मधला आहे, म्हणजे ओठ मिटून, हवा सोडून केलेला 'फ', फळातला. पण आपण 'फी' लिहिलं की वाचणाऱ्याला शाळेची फी आठवते आणि इंग्रजी एफचा उच्चार होतो, म्हणून पी बरा. फक्त एकटा सोडू नका, नाहीतर 'पी, इकडे ये' हे वाचताना कोणी पाणी पाजतंय असं वाटतं. आणि थाईत सूर बदलला की शब्द बदलतो, हाच उच्चार चढत्या सुरात केला की त्याचा अर्थ भूत होतो, ते आपल्या लिपीत दाखवायची सोय नाही.

आता कोणी म्हणेल, दादा आपणही परक्याला म्हणतोच की, रिक्षावाल्याला, भाजीवाल्याला, बसमध्ये कंडक्टरला. बरोबर, आणि तेवढ्यापुरता पी आणि दादा अगदी एक आहेत, थाई माणूसही दुकानातल्या बाईला पी म्हणतो. त्यामुळे मालिकेत हीरो चहाच्या टपरीवर कोणाला पी म्हणाला तर तिथे बिनधास्त दादा किंवा ताई लिहा. पण आपल्या दादाला राखीचा दोरा बांधलेला आहे. कॉलेजात एखादी मुलगी एखाद्याला दादा म्हणाली की विषय कायमचा संपतो. थाईत असं काही होत नाही, कितीतरी बायका वयाने मोठ्या नवऱ्याला लग्नानंतरही पीच म्हणतात, आणि म्हणून हीरोने हीरोला पी म्हणण्यात तिथल्या प्रेक्षकाला खटकण्यासारखं काहीच नसतं.

मग कामाच्या दृष्टीने आपल्याकडे पीच्या सगळ्यात जवळचं काय, तर खरं म्हणजे 'अहो'. मान पण त्यात, आणि हक्काचं प्रेम पण त्यात. पण ते वापरू नका, कारण अहो आलं की दोघांमधल्या एकाला आपण बायको करून टाकतो, आणि त्याबद्दल मला खाली वेगळं बोलायचंय.

एक सीन जवळून घेऊ, म्हणजे मी तुम्ही-तूवर एवढी का अडून बसलेय ते कळेल. 'सोटस' ही २०१६ची, जीएमएमटीव्ही या थाई कंपनीची मालिका, सिंगतो आणि क्रिस्ट या नटांची, ज्यांनी थाई बीएल बघायला सुरुवात केली त्यातल्या बऱ्याच जणांची पहिली. नावाची पाच अक्षरं म्हणजे सीनियॉरिटी, ऑर्डर, ट्रॅडिशन, युनिटी, स्पिरिट, म्हणजे थायलंडमधल्या कॉलेजांमधली सीनियर लोकांनी फ्रेशरना 'घडवण्याची' पद्धत, जिला आपण सरळ रॅगिंग म्हणू. थाईत तिला 'रप नोंग' म्हणतात, शब्दशः धाकट्यांचं स्वागत. आर्थित थर्ड इयरचा, ओरडणाऱ्या सीनियर टोळीचा म्होरक्या, आणि कोंगपोब फर्स्ट इयरचा. इंजिनिअरिंगच्या मुलांचं मानचिन्ह म्हणजे गिअर, ते सीनियरकडून मिळवायचं असतं. पहिल्याच भागात आर्थित त्याला सगळ्यांसमोर अडवतो, गिअर मी दिलं नाही तर काय करशील, तर हा म्हणतो हिसकावून घेईन, कसं घेशील, तर म्हणतो तुम्हाला माझी बायको करीन, कारण बायकोचं जे असतं ते नवऱ्याचं पण असतंच.

यातली गंमत इंग्रजीत अर्धी उडून जाते. कारण हे एवढं उद्धट वाक्य तो पूर्ण सभ्य थाईत बोलतो. स्वतःला 'फोम' म्हणतो, जे पुरुषाने वापरायचं नम्र 'मी' आहे, आणि समोरच्याला पी. म्हणजे नियम एकही मोडलेला नाही, सीनियरचा मान जागच्या जागी, आणि तरी सीनियरची पार वाट लावली. इंग्रजीत 'यू' आलं की तो नुसता आगाऊ पोरगा वाटतो. मराठीत 'मी तुम्हाला माझी बायको करून दाखवीन, पी-आर्थित' असं लिहा, बघा 'तुम्हाला' काय काम करतं ते. 'तुला' लिहिलंत तर ती कॉलेजच्या गेटवरची मारामारी होईल.

आणि पुढे जाऊन दोघं एकत्र आले तरी कोंगपोब पी सोडत नाही. २०१७च्या पुढच्या सीझनमध्ये तो आर्थितच्याच कंपनीत इंटर्न म्हणून येतो, तिथेही पी-आर्थितच. म्हणून सबटायटल्स करताना एक मोह टाळा, किस झाला की लगेच तुम्हीवरून तूवर यायचा. आपल्याकडे जवळीक वाढली की माणूस अहो-जाहोवरून अरे-तुरेवर येतो, थाईत पुष्कळदा याच्या बरोबर उलटं होतं. समवयस्क दोस्त एकमेकांशी 'कू' आणि 'मुंग' या सर्वनामांनी बोलतात, मी आणि तू, पण रांगडं, मोठ्यांसमोर अजिबात चालणार नाही असं. (मुळात कू हा शब्द शिवराळ नव्हता, सुखोथाय या जुन्या थाई राज्याच्या राजा रामखाम्हैंगचा १२९२चा म्हणून जो शिलालेख दाखवतात त्यात राजा स्वतःला कूच म्हणतो, माझ्या बापाचं नाव श्री इंद्रादित्य अशी त्याची सुरुवात आहे.) असे दोन दोस्त प्रेमात पडले की अचानक सभ्य होतात, कूचा फोम होतो, वाक्याच्या शेवटी 'ख्रप' हा पुरुषांनी लावायचा अदबीचा शब्द लागायला लागतो, आणि बघणाऱ्या पोरी उशीत तोंड खुपसून ओरडतात ते त्या एका ख्रपसाठी. मराठी सबटायटलमध्ये तिथे तूचा तुम्ही करायची हिंमत दाखवा. वाचणाऱ्याला क्षणभर विचित्र वाटेल, तसंच वाटायला हवं, समोरच्या पात्रालाही ते विचित्रच वाटत असतं.

याउलट 'बॅड बडी'. ओम आणि नानॉन या नटांची, २०२१च्या शेवटी सुरू झालेली. पाट इंजिनिअरिंगचा, प्रान आर्किटेक्चरचा, शेजारी राहणारी दोन घरं आणि दोन्ही घरांचं हाडवैर. ही मुलं एका वयाची, त्यामुळे पीचा प्रश्नच नाही, कू-मुंग चालू. माझ्या मते ती मालिका इतकी ताजी वाटली त्याचं एक मोठं कारण हेच आहे, दोघांत वर कोण खाली कोण हे वयाने ठरलेलंच नाही, मग सगळी चुरस बोलण्यातून आणि वागण्यातून येते. तिथे पहिल्यापासून शेवटपर्यंत अरे-तुरेच ठेवा, 'साल्या' पण चालेल.

आता पी आणि नोंग हे हाक म्हणून नसून नाम म्हणून आले तर सरळ सीनियर-ज्युनियर लिहा, तिथे आढेवेढे नकोत. 'पी-रहत' हा एक शब्द कॉलेजच्या मालिकांमध्ये सतत येतो, म्हणजे वरच्या वर्गातला तुमच्याच नंबरचा विद्यार्थी, जो तुमचा पालक-सीनियर असतो, पुस्तकं देतो, खायला घालतो, आणि सुरुवातीला तो कोण हे फ्रेशरने शोधून काढायचं असतं. रहत म्हणजे कोड, आणि तो आपल्या रहस् किंवा रहस्यातूनच गेलेला. असे शब्द ऐकू यायला लागले की थाई बघण्यात वेगळीच मजा येते. आर्थित म्हणजे आदित्य. फॅकल्टीला ते 'खणा' म्हणतात, तो आपला गण. आणि ज्या इंजिनिअरिंग फॅकल्टीशिवाय या मालिकांचं पान हलत नाही तिला थाईत म्हणतात 'वित्सवकम', म्हणजे विश्वकर्म! 'अ टेल ऑफ थाउजंड स्टार्स'मध्ये डोंगरातल्या शाळेतली पोरं त्यांना शिकवायला आलेल्या तियानला 'ख्रू' म्हणतात, तो गुरू. तिथे गुरुजी लिहा, सर लिहू नका, त्या गावात सर शोभत नाही.

नोंगचं मात्र मराठीत काही होत नाही. बाळा लिहिलं तर वय फारच खाली जातं, छोटू लिहिलं तर हॉटेलातला पोरगा होतो. नोंग गाळा, नुसतं नाव ठेवा आणि मोठ्याच्या तोंडी 'तू' द्या, तेवढ्याने काम होतं. एकच अडचण येते, थाईत माणूस स्वतःबद्दलही पी म्हणतो. 'पी भरवतो ना तुला' असं, म्हणजे मी भरवतो. हे आपल्याला नवीन नाही, आई मुलाला म्हणते 'आई आत्ता येतेय हं', बाई वर्गात म्हणतात 'बाई काय सांगतायत'. त्यामुळे मोठा लाडात येऊन असं बोलला तर 'मी' न करता तसंच ठेवून बघा, फक्त एका भागात दोन-तीनदाच, नाहीतर कंटाळा येईल.

आता बायकोचा विषय. जुन्या मालिकांमध्ये 'मिया' आणि 'फुआ' हे शब्द फार येतात, म्हणजे बायको आणि नवरा, दोन्ही जरा गावरान, घरात किंवा मित्रांत बोलायचे. सभ्य शब्द वेगळे, 'सामी' आणि 'फनराया', म्हणजे आपले स्वामी आणि भार्या. मित्रांची टोळी दोघांना चिडवणार, तुमच्यात मिया कोण, आणि लाजणाऱ्याला ते नाव चिकटणार. मला हे कधीच आवडलं नाही. सोटसमधलं ते वाक्य चालतं कारण तिथे ते आव्हान आहे, पण पुढे पुढे प्रत्येक जोडीत एक नवरा आणि एक बायको ठरवूनच टाकायची सवय लागली, जपानी कॉमिक्समधून आलेली वरचा-खालची वाटणी, आणि दोन मुलांची गोष्ट बघायला बसलेल्या माणसाला पुन्हा तोच संसार. म्हणून जिथे मूळात मिया आहे तिथे बायको लिहाच, लपवू नका, पण जिथे नाही तिथे स्वतःच्या मनाने बायको, वहिनी असलं काही घालू नका. ते लोक जोडीदाराला सहसा 'फेन' म्हणतात, इंग्रजी फॅनपासून आलेला शब्द, मुलगा मुलगी दोघांना चालतो, तिथे बॉयफ्रेंड लिहून मोकळे व्हा.

हे फक्त मालिकांपुरतं नाही. थायलंडचा समान विवाहाचा कायदा २३ जानेवारी २०२५पासून लागू झाला, त्यात पती-पत्नीच्या जागी जो शब्द घातलाय तो 'खू-सोमरोत', म्हणजे जोडीदार, आणि त्यातला सोमरोत हा आपला समरस. 'नॉट मी'सारख्या मालिकेने तर या मागणीसाठीचा मोर्चाच पडद्यावर दाखवला होता, कायदा व्हायच्या कितीतरी आधी. त्यामुळे यापुढच्या मालिकांमध्ये हा शब्द कानावर पडेल तेव्हा नवरा-बायको लिहून त्यावर पाणी ओतू नका.

शेवटचं, तुम्ही कुठली मालिका घेतलीय ते लिहिलं नाहीत. 'किनपोर्श' असेल तर पीपेक्षा 'खुन' जास्त त्रास देईल. तो आपला गुण, थाईत नावाआधी लावायचा मानाचा शब्द, आणि बॉडीगार्ड लोक मालकाच्या मुलाला सारखं खुन-किन म्हणतात. माफियांच्या गोष्टीत मराठी वाचकासमोर दर मिनिटाला 'खुन' आलं तर घोटाळा होणार, त्यातून त्या घरातल्या थोरल्या भावाचं हाक मारायचं नावच खुन आहे. तिथे सरळ किनसाहेब करा, आणि थोरल्याला पूर्ण नावाने तानखुन लिहा.