‘कॉल अ स्पेड अ स्पेड’ या इंग्रजी वाक्प्रचारात फावडे कुठून आले?

परखडपणे बोलण्याचा फावड्याशी काय संबंध आणि हा ‘स्पेड’ म्हणजे पत्त्यांतले इस्पिक तर नव्हे, असे आपण विचारले आहे. इस्पिकाचा येथे काहीही संबंध नाही. पत्त्यांतला ‘स्पेड’ तलवार या अर्थाच्या इटालियन शब्दावरून आला आहे. वाक्प्रचारातला ‘स्पेड’ जमीन खणायचाच आहे, परंतु मूळ ग्रीक म्हणीत तो नव्हता.

ग्रीक लोक ‘अंजिराला अंजीर आणि स्काफेला स्काफे म्हणणे’ असे म्हणत. स्काफे म्हणजे कोरून पोकळ केलेली वस्तू : पीठ मळायचे भांडे, टब किंवा लहान होडी. आपली काथवट डोळ्यांसमोर आणली की अर्थ नेमका कळतो. प्लूटार्क या प्राचीन ग्रीक लेखकाने सांगितलेली हकिकत अशी, की ऑलिंथस हे आपले शहर मॅसेडोनियाचा राजा फिलिप याच्या घशात घालणाऱ्या लास्थेनीसने व त्याच्या साथीदारांनी राजाकडे तक्रार केली, की तुमची माणसे आम्हांला फितूर म्हणतात. त्यावर फिलिप म्हणाला, की मॅसेडोनियन लोक अडाणी आणि रांगडे, ते स्काफेला स्काफेच म्हणतात. मला हे उत्तर फार मार्मिक वाटते, कारण त्यात आपल्या माणसांना नावे ठेवता ठेवता ‘तुम्ही फितूरच आहात’ याची कबुलीही देऊन टाकली आहे.

पुढे सोळाव्या शतकात इरॅस्मस या डच विद्वानाने ही वचने लॅटिनमध्ये आणताना स्काफेच्या जागी ‘लिगो’ हा शब्द घातला. लिगो हे खणण्याचे अवजार, आपल्या कुदळीच्या जवळचे. ग्रीकमध्ये ‘स्काफे’ आणि खणण्याच्या अवजाराचे नाव ‘स्काफेइऑन’ हे दोन्ही शब्द ‘खणणे’ या एकाच धातूपासून निघालेले असल्याने अशी अदलाबदल सहज होण्यासारखी होती. इरॅस्मसच्या वचनसंग्रहाचे निकोलस यूडॉलने केलेले इंग्रजी भाषांतर 1542 मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यात लिगोचा ‘स्पेड’ झाला. तेथेही मॅसेडोनियन लोकांना स्पेडला दुसरे नाव देण्याइतकी अक्कल नाही, असाच सूर आहे. म्हणजे यूडॉलच्या वाक्यात ही स्तुती नव्हे.

मात्र स्तुतीचा अर्थ इंग्रजांनी नव्याने शोधला असेही नाही. दुसऱ्या शतकातल्या लूशियन या ग्रीक लेखकाने, इतिहासकार निर्भय असावा आणि त्याने अंजिराला अंजीर व स्काफेला स्काफे म्हणावे, असे लिहून ठेवले होते. आज इंग्रजीत हीच छटा टिकली आहे, म्हणून मराठीत ‘रोखठोक बोलणे’ किंवा ‘आडपडदा न ठेवता बोलणे’ असेच भाषांतर करावे. शब्दशः फावडे आणू नये.

अमेरिकेत बोलताना मात्र हा वाक्प्रचार टाळावा, असे मी आवर्जून सांगेन. विसाव्या शतकात तेथे ‘स्पेड’ हा शब्द कृष्णवर्णीयांसाठी शिवी म्हणून वापरला जाऊ लागला. वाक्प्रचार त्याहून कितीतरी जुना असला, तरी ऐकणाऱ्याला आधी ती शिवीच आठवू शकते.