ऐरोलीच्या खाडीवर पहिल्यांदा जाताय? मग एवढं बघा

अरे वा, नवी मुंबईत ऐरोलीला ठाणे खाडीवर फ्लेमिंगो बघायला? नक्की जा! पण सगळे करतात ती चूक करू नका, म्हणजे रविवार मोकळा आहे म्हणून उठायचं आणि निघायचं. आधी भरती-ओहोटीची वेळ बघा, ती रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते आणि तिथल्या वनविभागाच्या जैवविविधता केंद्राची बोट तिच्यावरच चालते, बुकिंग आधीच करून ठेवा. मी पहिल्यांदा असाच गेलो होतो, बोट नाहीच मिळाली, नुसता चिखल बघत बसलो.

पण खरं सांगू, चिखलच भारी असतो! तिवरांमधल्या (खारफुटीची झाडं) लाकडी वाटेवर दहा मिनिटं गप्प उभे राहा, निवट्या (चिखलात राहणारे छोटे मासे) उड्या मारताना दिसतील आणि एकच नांगी मोठी असलेले खेकडे. तिवराचं पान उलटं करून बघा, खालून मिठाचे कण चमकतात (तोडू नका हं).

फ्लेमिंगो नोव्हेंबर ते मे. राखाडी दिसले तर नाराज होऊ नका, ती पिल्लं.

- टोपी, पाणी, जुने बूट
- साधी दुर्बीण, कुणाची मागून आणली तरी चालेल
- ड्रोन अजिबात नको, अभयारण्य आहे ते

कॅमेरा-लेन्सचं नंतर बघू.