लोणारचा राक्षस कोणी पाहिला होता का?

तुम्ही विचारलंय की महापूर, जमिनीखालचे राक्षस, मागे सरकणारा समुद्र या गोष्टी जगभरच्या पुराणकथांत येतात, तर त्यात आजच्या विज्ञानाला पटेल असं काही आहे की नुसती कल्पना. मी खारघरला राहतो. भूशास्त्र शिकलो आणि गेली अठरा वर्षं ठाणे, पनवेल, उलवे या पट्ट्यात बांधकामाआधी बोअर घेऊन खाली काय आहे ते सांगायचं काम करतो. त्यामुळे माझं उत्तर दगडमातीच्या बाजूने येईल.

पुराणकथा ऐकली की मी आधी एकच विचारतो: हे घडलं तेव्हा बघायला माणूस होता का? हे मला शिकवलं लोणारने.

लोणारची गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. लवणासुर जमिनीखालच्या विवरात राहायचा आणि वर येऊन लोकांना छळायचा. विष्णूने पायाच्या अंगठ्याने त्या विवराचं झाकण उडवलं आणि त्याला मारलं. त्याच्या नावातच मीठ आहे आणि सरोवराचं पाणीही खारं. गावात दैत्यसूदनाचं, म्हणजे त्याच विष्णूचं, देऊळ उभं आहे. आता विज्ञान काय म्हणतं? साधारण 1.8 किलोमीटर रुंदीचा हा खळगा ज्वालामुखीचा असावा असं पूर्वी बऱ्याच जणांना वाटायचं. पुढे तळात बोअर घेतले, आणि प्रचंड आघाताने काचेसारखी झालेली खनिजं नमुन्यांत सापडली. 1973 साली ते संशोधन प्रसिद्ध झालं आणि हा उल्कापात असल्याचं पक्कं झालं. काळ्या पाषाणात झालेली अशी विवरं पृथ्वीवर फार थोडी आहेत.

कॉलेजात असताना मी सगळ्यांना छातीठोकपणे सांगायचो की ही कथा म्हणजे उल्कापाताची आठवण आहे, आकाशातून देव आला, जमीन फुटली, सगळं जुळतंय. तेव्हा विवराचं वय 50 हजार वर्षांच्या आसपास मानत. मग खडकातल्या आर्गॉन वायूवरून वय काढायच्या पद्धतीने मोजणी झाली आणि वय निघालं सुमारे 5 लाख 70 हजार वर्षं. आपल्या प्रजातीच्या माणसाचे सर्वांत जुने अवशेष 3 लाख वर्षांच्या आसपासचे आहेत, तेही आफ्रिकेतले. म्हणजे लोणारला उल्का पडली तेव्हा ती गोष्ट सांगणारं कोणी नव्हतंच. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण नंतर ती कथा मला जास्तच आवडायला लागली. सपाट माळावर अचानक एवढा गोल खळगा, काठ उचललेले, आत खारं पाणी. हे नुसतं नैसर्गिक झिजेने झालेलं नाही, इथे एका क्षणी काहीतरी भयंकर घडलंय, हे त्या लोकांनी नुसत्या नजरेने ओळखलं होतं. ती आठवण नसेल, पण अंदाज म्हणून फार चांगला आहे.

याच्या उलट उदाहरण अमेरिकेतल्या ओरेगनचं. तिथल्या क्लामथ लोकांची कथा अशी की डोंगराखाली राहणारा लाओ आणि आकाशातला स्केल यांचं युद्ध झालं, आग आणि दगड बरसले आणि शेवटी डोंगरच लाओच्या अंगावर कोसळून खड्डा झाला. आज तिथे क्रेटर लेक आहे, 594 मीटर खोल. भूशास्त्र सांगतं की माझामा नावाचा ज्वालामुखी सुमारे 7,700 वर्षांपूर्वी फुटला आणि आतला लाव्हा संपल्यावर माथा खाली बसला. आणि तिथे माणूस होता का? होता. जवळच्याच एका गुहेत 1938 साली झाडाच्या सालीच्या विणलेल्या चपला सापडल्या, त्या या राखेच्या थराखाली. म्हणजे राख पडण्याआधीपासून तिथे लोक राहत होते. डोंगर फुटून उंच झाला असं नाही, तो आत कोसळला, हा बारकावा कथेत शाबूत आहे. पाहिल्याशिवाय हे कसं सुचेल? दोन्ही कथांत जमिनीखालचा दुष्ट आणि वरून आलेला देव आहे, साचा अगदी सारखा. म्हणून नुसत्या साम्यावरून मी काहीच मानत नाही.

महापुराच्या बाबतीत हीच चूक सर्रास होते. मनूच्या ओंजळीत आलेला मासा शतपथ ब्राह्मणात आहे, नोहाची नाव बायबलात. 1872 साली जॉर्ज स्मिथ नावाच्या अभ्यासकाने लंडनमध्ये मेसोपोटेमियाची, म्हणजे प्राचीन इराकची, मातीची पाटी वाचली, तर तिच्यातही होडी, पूर आणि जमीन शोधायला सोडलेले पक्षी. बायबल आणि मेसोपोटेमियाच्या कथांचं नातं उघड आहे. पण एकाच वेळी सगळी पृथ्वी बुडाली असती तर सगळीकडे एकाच वयाचा गाळाचा थर मिळाला असता. तसा नाही. जे नक्की घडलं ते असं: सुमारे 20 हजार वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा 120 मीटरच्या आसपास खाली होता, आणि हिमयुग ओसरताना तो चढत गेला. इराणचं आखात तेव्हा कोरडं होतं. आपला किनाराही आजच्या किती तरी पश्चिमेला होता. ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांच्या समुद्र चढल्याच्या गोष्टी पॅट्रिक नन आणि निकोलस रीड या संशोधकांनी किनाऱ्यावरच्या 21 ठिकाणांहून गोळा केल्या. समुद्र चढायचा थांबून तिथे 7 हजार वर्षं झाली, म्हणजे त्या गोष्टी त्याहून जुन्या असाव्यात असं त्यांचं म्हणणं आहे.

गोष्ट वाढते कशी तेही लक्षात ठेवा. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, त्या रात्री माझे वडील कुर्ल्याहून रुळांवरून चालत ठाण्याला आले. ते सांगायचे तेव्हा पाणी गुडघ्यापर्यंत होतं. आज माझी भाची शाळेत सांगते तेव्हा ते आजोबांच्या छातीपर्यंत येतं. वीस वर्षांत एवढं. पण दिवस, रूळ आणि चालत येणं यांतलं काही बदललेलं नाही.

आता आपल्या घरची कथा. परशुरामाने सह्याद्रीवरून बाण मारला, समुद्र मागे हटला आणि कोकण झालं. याला भूशास्त्राचा पुरावा आहे का, असं मला साइटवर दर महिन्याला कोणी ना कोणी विचारतं. उलव्याला बोअर घेतला की वर मुरमाचा भराव, त्याखाली राखाडी-काळा खाडीचा चिखल, त्यात शिंपल्यांचे तुकडे, मग कुजका खडक आणि शेवटी काळा पाषाण. म्हणजे आज जिथे इमारती आहेत तिथे समुद्राचं पाणी खेळत होतं हे खरं. पण मुंबईत 1880 साली सुरू झालेल्या प्रिन्सेस डॉकचं खोदकाम चाललं होतं तेव्हा समुद्रपातळीखाली खैराच्या झाडांची खोडं जागच्या जागी उभी सापडली. म्हणजे तिथे उलट, जमीनच पाण्याखाली गेली होती. खाडीच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरं. एका बाणात बसेल असं इथे काहीच नाही.

माझं स्वतःचं मत वेगळं आहे, आणि ते मत म्हणूनच घ्या. या पट्ट्यातल्या आगरी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या खाजणाला, म्हणजे भरतीच्या पाण्याखाली जाणाऱ्या खाऱ्या जमिनीला, बांध घातले, भरतीचं पाणी अडवायला आणि पावसाचं सोडायला उघाडी बसवल्या, पावसाने खार धुऊन निघायची वाट पाहिली आणि मग तिथे राता भात पिकवला. समुद्राला खरंच मागे हटवलं ते त्यांनी. ज्या किनाऱ्यावर हे डोळ्यांसमोर घडत होतं, तिथे समुद्र मागे रेटणाऱ्या वीराची कथा रुजावी यात मला नवल वाटत नाही.

आमच्या देवघरातला शाळिग्रामही असाच. नेपाळमधल्या गंडकीच्या पात्रात मिळणारा हा दगड म्हणजे अ‍ॅमोनाइट नावाच्या समुद्री जिवाचा जीवाश्म, हिमालयाच्या जागी समुद्र होता तेव्हाचा. आपल्याला त्यात विष्णूचं चक्र दिसलं. इंग्लंडमधल्या व्हिटबीत लोक म्हणाले, साध्वी हिल्डाने सापांचे दगड केले. आणि अ‍ॅमोनाइट हे नाव आलं ते इजिप्तच्या आमून देवाच्या मेंढ्यासारख्या शिंगांवरून. दगड एकच. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी हे जीव संपले, नेमकं तेव्हाच आपल्याकडे सह्याद्रीचा लाव्हा वाहत होता. तुळशीच्या लग्नात शाळिग्राम हातात घेतला की मला दर वेळी हे आठवतं, आणि माझा नमस्कार कमी होत नाही.

आपल्याकडे प्राचीन काळी विमानं होती, या दाव्यावर थोडक्यात: वैमानिक शास्त्र म्हणून जो ग्रंथ दाखवतात तो बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी 1974 साली तपासला. तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा निघाला, आणि त्यातली विमानं उडू शकत नाहीत असं त्यांनी गणिताने दाखवलं. आधी शोध लागतो आणि मग तो पोथीत सापडतो, अशा दाव्यांमुळे खरी आठवण जपणाऱ्या कथांवरचा विश्वासही उडतो. याचा मला मनापासून राग येतो.

इंडोनेशियाच्या सिमुलू बेटावर 1907 साली त्सुनामी आली होती. तेव्हापासून तिथे स्माँगची, म्हणजे तिथल्या भाषेत त्सुनामीची, गोष्ट सांगतात, अंगाईतूनही: जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे गेला की डोंगरावर पळा. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत तिथल्या सुमारे 78 हजार लोकांपैकी सात जण दगावले. त्याच आचे प्रांतात इतरत्र एक लाखाहून जास्त.

हे वाचल्यापासून मी एक सवय लावून घेतली आहे. नव्या साइटवर बोअरचं यंत्र लावण्याआधी गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारतो, पुनवेच्या उधाणाचं पाणी पूर्वी कुठवर यायचं. मागच्या वर्षी पनवेलच्या बाजूला एका आजींनी काठीने एका जुन्या चिंचेकडे बोट दाखवलं. चिंचेच्या खालच्या अंगाला घेतलेल्या तिन्ही बोअरमध्ये खाडीचा चिखल लागला. वरच्या अंगाला दोन मीटरवर मुरूम.