खडे आधी की बाळ आधी?

प्रश्न: डॉक्टर ताई नमस्कार, माझं वय 29, लग्नाला दोन वर्षं झाली आणि आम्ही आता बाळाचा विचार करतोय. नवरात्राचे उपवास सोडले त्या रात्री उजव्या बरगडीखाली असं काही दुखायला लागलं की धड बसवेना की झोपवेना, पाठीपर्यंत कळ जात होती, दोनदा उलटी झाली. सगळे म्हणाले पित्त झालंय, अॅसिडिटीची गोळी घेतली. दिवाळीत परत तेच. मग सोनोग्राफी केली तर पित्ताशयात दोन खडे, 8 आणि 11 एमएमचे. सर्जन म्हणतात आधी ऑपरेशन, सासूबाई म्हणतात पोटाला चिरा कशाला, आधी मूल होऊ दे, खडा काय पाणी पिऊन पडून जाईल, आणि रोज कुळथाचं कढण देतायत. ऑपरेशन केलं तर दिवस राहायला अडचण येते का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: आधी ऑपरेशन करून घे गं. माझ्या मुलीच्या वयाची आहेस म्हणून अगं-तुगं करतेय. तुझे खडे नुसते सोनोग्राफीत दिसले नाहीत, ते दोनदा दुखलेत, आणि सगळा फरक इथेच आहे. दुसऱ्याच कशासाठी सोनोग्राफी केली आणि खडे सापडले, त्रास काहीच नाही, अशा बऱ्याच जणींचे खडे जन्मभर गप्प राहतात, त्यांना मी बाळाच्या आधी ऑपरेशन करच असं सांगत नाही. पण एकदा कळ येऊन गेली की ती परत यायची शक्यता बरीच असते आणि गरोदरपण त्याला आणखी निमित्त देतं. दिवस राहिले की इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही हॉर्मोन्स वाढतात. इस्ट्रोजेन वाढलं की त्याने पित्तरसात कोलेस्टेरॉल जास्त उतरतं, आणि प्रोजेस्टेरॉनमुळे पित्ताशय सैल पडतं, नीट आवळून रिकामं होत नाही, मग आत राहिलेलं पित्त घट्ट होऊन गाळ धरतो. आधी काही नसलेल्या बायकांनाही हा गाळ होतो, बाळंतपणानंतर पुष्कळदा आपोआप जातोही, पण तुझ्याकडे तर खडे आधीच तयार आहेत.

आता सासूबाईंचं. त्या काळजीनेच करतायत, त्यांच्याशी भांडू नकोस, फक्त हे त्यांना वाचून दाखव. भरपूर पाणी पिऊन पडतो तो मुतखडा, कारण त्याला लघवीची वाट असते. पित्ताशयातून लघवीकडे वाटच नाही. तिथला खडा सटकला तर तो पित्तनलिकेत जातो, तिथे अडकला की कावीळ होते, स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. म्हणजे जो खडा पडून जावा म्हणून आपण कढण पितो, तो हलला तरच खरी भीती! कुळीथ पौष्टिक आहे, जेवणात खुशाल खा, खड्याचं औषध म्हणून नको. आणि व्हॉट्सअॅपवर ऑलिव्ह ऑइल-लिंबाचा उपाय फिरतो ना, त्यात सकाळी हिरवे गोळे पडतात ते खडे नसतात, त्या तेलाचेच पोटात साबणासारखे गोळे होतात. खडे विरघळवायच्या गोळ्या असतात, पण त्या छोट्या, कोलेस्टेरॉलच्या खड्यांवरच चालतात, महिनोन्महिने घ्याव्या लागतात आणि थांबवल्यावर पुष्कळांना खडे परत होतात. 11 एमएमला त्यांची वाट बघत बसू नकोस.

आपल्याकडे पित्त या शब्दानेच फार घोटाळा होतो. छातीत जळजळलं तरी पित्त, डोकं दुखलं तरी पित्त, त्यामुळे खड्याची कळ ओळखायलाच उशीर होतो. मागे एकजण डोहाळजेवणाच्या रात्री माझ्याकडे आली, सातवा महिना, हातात हिरवा चुडा, केसात फुलं तशीच, आणि दोन्ही हातांनी उजवी बरगडी धरून वाकलेली. दुपारी श्रीखंड-पुरी, भजी. लग्नाआधीपासून तिला अधूनमधून "पित्त" होत होतं. सोनोग्राफीत खडा पांढरा चकचकीत दिसला, त्याच्यामागे काळी सावली, तिला कुशीवर वळवलं तर तो आत घरंगळला. सलाईन, इंजेक्शनं देऊन त्यावेळी निभावलं, पण पुढचे दोन महिने त्या घरात कोणी स्वस्थ झोपलं नाही. गरोदरपणातही हे ऑपरेशन करता येतं, त्यातल्या त्यात चौथा ते सहावा महिना बरा, नंतर गर्भाशय वर आल्यामुळे जागा कमी मिळते. पण आधीच माहीत असताना तिथपर्यंत जायचं कशाला?

आणि चिरा म्हणशील तर हल्ली दुर्बिणीने खड्यांसकट पित्ताशयच काढतात, पोटावर तीन-चार छोटे छेद, सगळं सरळ असेल तर एक-दोन दिवसात घरी. आपल्या देशात हे पहिल्यांदा झालं 1990 मध्ये, मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलमध्ये डॉ. तेहेमटन उडवाडियांनी केलं, म्हणजे तू जन्मायच्या आधीपासून चालू आहे. पित्ताशय असतं यकृताखाली, गर्भाशय आणि बीजांडकोश खाली ओटीपोटात, त्यामुळे दिवस राहायला किंवा नॉर्मल डिलिव्हरीला याने अडत नाही. पित्त यकृतात तयार होतं, पित्ताशय काढल्यावर ते सरळ आतड्यात उतरतं. काहींना सुरुवातीला तेलकट खाल्लं की जुलाब होतात, हळूहळू बसतं.

ऑपरेशननंतर दोन-तीन महिने थांब, नक्की किती ते सर्जनला विचार. तोवर निरोध वापरा, इस्ट्रोजेनच्या गर्भनिरोधक गोळ्या आत्ता नकोत. त्याच दिवसांत फोलिक अॅसिड 400 मायक्रोग्रॅम रोज सुरू कर, हिमोग्लोबिन, थायरॉइड, शुगर बघून घे. आणि बाळाआधी बारीक व्हायचं म्हणून जेवण तोडू नकोस. वजन भराभर उतरलं, पोट तासन् तास रिकामं राहिलं की खडे वाढायला मदतच होते, आणि वर उपवासाच्या दिवशी रात्री तुपातली साबुदाण्याची खिचडी आणि शेंगदाण्याची आमटी, म्हणजे दिवसभर निवांत बसलेल्या पित्ताशयाला एकदम जोरात आवळायला लावल्यासारखं. ऑपरेशन होईपर्यंत थोडं थोडं, वेळेवर, कमी तेलाचं खा.

मधल्या काळात थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली किंवा चार-पाच तासांत कळ थांबली नाही तर रात्र असली तरी हॉस्पिटल गाठ, सकाळची वाट बघू नकोस.

आणि ऑपरेशनच्या डिस्चार्ज कार्डची झेरॉक्स पुढे गरोदरपणाच्या फाइलमध्ये पहिल्याच पानाला लाव. खडे झालेल्या बायकांना शेवटच्या महिन्यांत पित्त साचून अंगाला खाज सुटायची शक्यता जरा जास्त असते. तळहात-तळपायाला खाज सुटली आणि पुरळ काही दिसत नसेल तर पावडर लावत बसू नकोस, त्याच दिवशी लिव्हरची रक्ततपासणी करायला सांग.