सूरशंका : गेताचेव मेकुर्या आणि सॅक्सोफोनवरचा शेलेला

इथिओपियाचे टेनर सॅक्सोफोनवादक गेताचेव मेकुर्या (१९३५–२०१६) यांच्याविषयी वाचकांनी विचारलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : त्यांचं वादन ऐकून ऑर्नेट कोलमन आणि अल्बर्ट आयलर हे अमेरिकन सॅक्सोफोनवादक आठवतात. ही शैली त्यांनी अमेरिकन फ्री जॅझवरून (ठरलेल्या चौकटी सोडून वाजवलेल्या जॅझवरून) उचलली का? (पुणे)

उत्तर : नाही. काळच जुळत नाही. कोलमन यांची पहिली रेकॉर्ड १९५८ची, आयलर त्याच्याही पुढचे. गेताचेव पन्नासच्या दशकातच सॅक्सोफोनवर शेलेला (योद्ध्यांचं लढाईआधीचं वीरगान) वाजवू लागले होते. वाद्य त्यांच्या हाती आलं ते सरकारी बँडमुळे. १९२४मध्ये रास तफारी, म्हणजे पुढचे सम्राट हैले सेलासी, यांनी जेरुसलेमहून चाळीस अर्मेनियन अनाथ मुलांचा ब्रास बँड आदिस अबाबाला आणला. केव्हॉर्क नालबान्दियान हे त्या मुलांचे संगीतशिक्षक. पुढे राजधानीत फुंकवाद्यांचे सरकारी बँड रुजले, त्याची ही सुरुवात. गेताचेव आधी क्रार (हाताने छेडायचं तंतुवाद्य) आणि मसिन्को (गजाने वाजवायचं एकतारी वाद्य) शिकले, मग क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन. १९४९मध्ये आदिस अबाबाच्या नगरपालिका बँडमध्ये शिरले तेव्हा ते जेमतेम तेरा-चौदा वर्षांचे होते. १९५५मध्ये हैले सेलासी थिएटरचा वाद्यवृंद, १९६५मध्ये पोलीस ऑर्केस्ट्रा. थोडक्यात, हा पगारी बँडवाला होता. त्याच्या फुंकीतली ओरड जॅझच्या क्लबातून आलेली नाही. ती योद्ध्यांच्या गळ्यातून आली आहे.

प्रश्न : शेलेला म्हणजे आपला पोवाडाच ना? (सांगली)

उत्तर : वीररस तोच, बाकी बरंच वेगळं. शाहीर दुसऱ्याचा पराक्रम सांगतो, डफ-तुणतुण्याच्या ठेक्यावर सांगतो आणि गोष्ट पुढे नेतो. शेलेला लढाईला निघण्याआधीचा. त्याच्या जोडीच्या फुकेरात माणूस स्वतःच्याच पराक्रमाची फुशारकी मारतो आणि समोरच्याला ललकारतो. ओळी मात्रांत बांधलेल्या नसतात. दम असेल तितकी ओळ लांबते. गेताचेव यांच्या रेकॉर्डवर म्हणूनच साथीदार एकच साधा ठेका धरून बसतात आणि सॅक्सोफोन त्यावरून मोकळा बोलत सुटतो. सिंहाच्या आयाळीचं शिरस्त्राण आणि कातड्याचा अंगरखा घालून ते रंगमंचावर येत. तो पोशाख योद्ध्यांचाच. निव्वळ तमाशा समजू नये.

प्रश्न : काही धून ऐकताना भूप, तर काही वेळा गुणक्री ऐकल्याचा भास होतो. (मिरज)

उत्तर : भास नाही, स्वर खरोखर तेच आहेत. इथिओपियाच्या उंच प्रदेशातल्या संगीतात पाच-पाच स्वरांच्या चार मुख्य चौकटी आहेत. तिथे चौकटीला किन्यित म्हणतात. तिझिता : सा रे ग प ध, म्हणजे भूपाचे स्वर, तिच्या दुसऱ्या रूपात गंधार आणि धैवत कोमल होतात. अम्बासेल : सा, कोमल रे, शुद्ध म, प, कोमल ध, म्हणजे गुणक्रीचे. बाती दोन प्रकारची : एक सा ग म प नि, दुसरी कोमल ग-नि घेऊन धानीसारखी. अन्चिहोये सर्वांत अवघड : सा, कोमल रे, दोन्ही मध्यम लागोपाठ, शुद्ध ध. इथे ललितातले मध्यम आठवतील, पण गंधार-निषाद नाहीत.

स्वर जुळले म्हणून राग जुळला असं मात्र नाही. भूपात गंधार वादी, आरोह-अवरोहाची शिस्त, देशकारापासून जपून राहणं, असलं काहीही तिझितात नाही. तिथे प्रत्येक लांब स्वर थरथरतो, ओळीचा शेवट खाली ढळतो. भूप घोटलेल्या वादकाची बोटं सवयीने मींड काढतात आणि सगळं गोडगोड होऊन जातं. हीच चूक सर्वांत जास्त ऐकू येते.

प्रश्न : मी ब्रास बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवतो. अम्बासेलपासून सुरुवात कशी करू? सा कुठे धरू? (कोल्हापूर)

उत्तर : टेनरचा लिहिलेला सी हा पेटीवर काळी पाच वाजतो, आल्टोचा (टेनरपेक्षा लहान सॅक्सोफोनचा) काळी दोन. टेनरवर सी हाच सा धरला तर अम्बासेलमध्ये लगेच सी-शार्प येतो. मधल्या सप्तकात तो सगळी बोटं उचलून वाजतो. तिथे आवाज पातळ होतो आणि सूर हलतो. खालच्या सप्तकात दोन्ही हातांच्या करंगळ्यांची कसरत होते. म्हणून टेनरवर सा डी धरा : डी, ई-फ्लॅट, जी, ए, बी-फ्लॅट. पेटीवर ही पांढरी एक होते, साथीलाही सोपी. आल्टोवर पांढरी एकसाठी सा ए धरावा लागेल : ए, बी-फ्लॅट, डी, ई, एफ. ए ते बी-फ्लॅट जाताना उजव्या हाताची बाजूची की वापरा. 

तानपुरा षड्ज-पंचमाचा लावा. (अन्चिहोये करताना पंचम चालणार नाही, तिथे षड्ज-मध्यम.) आता वाद्य खाली ठेवून पाच-सहा स्वरांची एक ओळ एका दमात गळ्याने म्हणा, ठेक्याशिवाय, समोर कुणी उभं आहे अशी. ही पायरी बहुतेक जण गाळतात, मग वादन पलट्यांसारखं वाजतं. तीच ओळ वाद्यावर घ्या, पहिला स्वर जिभेने ठाम सुरू करा, शेवटचा जबडा सैल सोडून अर्धा स्वर खाली ढळू द्या.

कंप जबड्याने काढायचा, पोटाने नाही. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६०वर ठेवून एका ठोक्याला तीन हेलकावे, स्थिर झाले की चार, मग पाच. जॅझवाले पुष्कळदा स्वर सरळ धरून शेवटी कंप देतात. गेताचेव तो स्वराच्या आरंभापासून देतात, आणि रुंद. सूर कंपाबरोबर वर जात असेल, तर ओठ आवळले जात आहेत. हेलकावा मूळ स्वराच्या खाली जाऊन परत यायला हवा.

प्रश्न : त्यांची कोणती रेकॉर्ड आधी ऐकावी? (नाशिक)

उत्तर : १९७२ची फिलिप्सची ‘निगस ऑफ इथिओपियन सॅक्स’. दोनच वर्षांनी सम्राटाची सत्ता गेली, रात्रीची संचारबंदी वर्षानुवर्षं राहिली आणि आदिसचे रात्रीचे क्लब थंडावले. बाहेरच्या जगाला ही रेकॉर्ड मुख्यतः २००३मध्ये इथिओपियन संगीताच्या ‘एथिओपिक्स’ या सीडी-मालिकेच्या चौदाव्या भागातून कळली. त्यानंतर ‘मोआ अन्बेसा’ (२००६) घ्या. २००४मध्ये अॅमस्टरडॅमला ‘द एक्स’ या डच पंक बँडच्या पंचविसाव्या वर्षाच्या कार्यक्रमात त्यांना बोलावलं होतं. तिथे या बँडच्या खरखरीत गिटारी ऐकून, पुढच्या रेकॉर्डला साथ हीच हवी असं त्यांनीच ठरवलं. सत्तरी गाठायला आलेला वादक पंक बँड निवडतो याचं नवल वाटतं, पण ऐकल्यावर वाटत नाही : गिटार एकच आकृती घोटत राहते आणि शेलेलाला हवी तशी मोकळी जागा मिळते. इथिओपियाचेच संगीतकार मुलातू अस्तात्के यांच्या इथिओ-जॅझमध्ये पाच स्वरांखाली जॅझचे कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) मांडलेले असतात. ती मांडणी इथे शोधू नका.

प्रश्न : घोगरा आवाज काढताना घसा दुखतो आणि सूर चढतो. (ठाणे)

उत्तर : तुम्ही घसा आवळून खरखर काढत आहात. ती आवळण्यातून येत नाही. वाजवताना गळ्यातून दुसरा स्वर गुणगुणायचा असतो, दोन्ही एकमेकांवर आदळले की आवाज फाटतो. वाजणाऱ्या स्वराशीच गळा जुळला तर फारसं काही होत नाही, म्हणून थोडा वेगळा सूर धरा. मधल्या सप्तकातल्या जी-ए वर सुरुवात करा. तळाच्या स्वरांवर वाद्यच बंद पडतं. गुणगुण सुरू होताच हवा कमी पडते, ती वाढवा, ओठ तसेच ठेवा. रीड (तोंडात धरायची कंप पावणारी पट्टी) तीन नंबरची असेल तर काही दिवस अडीचच्या, म्हणजे मऊ रीडवर या. एका वेळी पाच मिनिटं पुरेत. दुखलं की त्या दिवसापुरतं थांबा.