शिलॉनच्या तळघरात

प्रश्न : जूनमध्ये स्वित्झर्लंडला जातोय, मॉन्ट्रोला मुक्काम आहे. जवळचा शिलॉन किल्ला एकेकाळी तुरुंग होता म्हणे. जंजिरा पाहिलेल्या माणसाने तो मुद्दाम पाहावा का? सोबत आई आहे, तिचे गुडघे दुखतात.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : पाहाच. फक्त जंजिऱ्यासारखे बुरूज नि तोफा शोधायला जाऊ नका. जिनिव्हा सरोवर आणि डोंगर यांच्या मधली चिंचोळी वाट अडवून, एकेकाळी इथे राज्य करणाऱ्या सॅव्हॉय घराण्याचा हा किल्ला बसलाय. इटलीकडे ये-जा करणाऱ्या व्यापाऱ्यांना इथे जकात भरल्याशिवाय सुटका नव्हती.

आधी तळघरात उतरा. एका अंगाला उघडा कातळ, मधून खांबांची रांग, वर कमानी. ऊन असलं तर पाण्यावरची तिरीप छतावर हलते. तुरुंग इतका देखणा असावा याचा मला रागच आला होता. जिनिव्हाचा एक मठाधिपती, फ्रान्स्वा बोनिव्हार, सॅव्हॉयच्या ड्यूकला नडला म्हणून १५३० साली इथे आला. सुरुवातीला वरच्या मजल्यावर बऱ्यापैकी ठेवलं, मग चार वर्षं खाली साखळीत. १५३६ मध्ये बर्न या स्विस नगरराज्याच्या फौजेने किल्ला घेतला तेव्हा सुटला. त्यानंतर गृहस्थाने चार लग्नं केली आणि जिनिव्हाचा इतिहासही लिहिला! १८१६ साली इंग्रज कवी बायरन इथे येऊन गेला आणि त्याने बोनिव्हारवर दीर्घ कविता केली, पण तिच्यातला दुःखी कैदी बराचसा कवीच्या मनातला. एका खांबावर बायरनचं म्हणून कोरलेलं नाव दाखवतात, वर काच लावून. आपल्या गडांवर ‘पिंट्या लव्ह स्वाती’ लिहिणाऱ्याला आपण शिव्या घालतो. असो.

गर्दी या दोघांभोवतीच असते. पण १३४८ च्या प्लेगमध्ये विहिरींत विष कालवल्याच्या खोट्या आळापायी आसपासच्या ज्यूंना याच किल्ल्यात डांबलं, हाल हाल करून कबुलीजबाब घेतले. पुढे बर्नच्या अमदानीत चेटकीण ठरवलेल्या बायकाही इथेच कोंडल्या. त्यांच्या वाट्याला बायरन आला नाही. तळघरात पाच मिनिटं जास्त थांबाल ती त्यांच्यासाठी थांबा.

आईंसाठी मॉन्ट्रोहून २०१ नंबरची बस घ्या, किल्ल्यापाशीच उतरवते. तळघरात जमीन उंचसखल आहे, हात धरा. वर जिनेच जिने, मनोरा तुम्ही एकट्याने चढा. आई खाली अंगणात बसतील. स्विस ट्रॅव्हल पास असेल तर वेगळं तिकीट काढू नका.